सोपारा : त्रिरश्मीच्या शिलालेखातील बंदर
(धम्मसहलीपूर्वीचा अभ्यासपाठ)

नाशिकच्या दक्षिणेस उभा असलेला त्रिरश्मी डोंगर आणि त्याच्या कुशीतील चोवीस लेणी आपल्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. शिलालेखांत मात्र डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. या समूहातील दहावे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघासाठी कोरवून घेतले. ओसरीच्या भिंतीवर त्याने आपल्या दानांची यादीही कोरविली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी प्रवाशांसाठी निवासस्थाने बांधल्याची नोंद त्या यादीत आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे माळव्यातील मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकलगतचे आजचे गोवर्धन गाव, आणि शोर्पारग म्हणजे पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील सोपारा.

नाशिकची मुले लेणी पाहतात, ब्राह्मी अक्षरांकडे कौतुकाने पाहतात आणि डोंगर उतरतात. भिंतीवर लिहिलेले चौथे नाव मात्र सहसा वाचले जात नाही. आपल्या सहलींच्या यादीत वेरूळ, अजिंठा असते, वसईचा किल्ला असतो. सोपारा क्वचितच असतो. वास्तविक महाराष्ट्राच्या भूमीवर धम्म ज्या दारांनी आला, त्यांतील एक मोठे दार हे बंदर होते. त्या बंदराची ओळख करून देणे आणि तेथे जाणाऱ्याने काय पाहावे, कसे पाहावे, हे सांगणे हा या पाठाचा हेतू आहे.

स्थान आणि नावे

सोपारा आज नालासोपारा या जुळ्या नावाने ओळखला जातो. नाळे आणि सोपारा ही दोन गावे रेल्वे स्थानकाच्या नावात एकत्र आली. दक्षिणेस उल्हास नदीची वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचे मुख, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, अशा चतुःसीमेत हा परिसर येतो. प्राचीन काळी खाडीचे पाणी सोपाऱ्याच्या दारापर्यंत येत असे. उघड्या समुद्रावर नांगर टाकण्यापेक्षा भरतीबरोबर खाडीत शिरणे आणि लाटांपासून सुरक्षित जागी माल उतरविणे गलबतांना सोयीचे असे. पश्चिम किनाऱ्यावरील बहुतेक जुनी बंदरे अशीच खाड्यांच्या आत वसलेली आहेत.

या नगराची नावे अनेक भाषांत आढळतात. संस्कृतात शूर्पारक, पालीत सुप्पारक, शिलालेखांच्या प्राकृतात सोपारक किंवा शोर्पारग. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोचच्या दक्षिणेकडील गावांमध्ये सुप्पारा आणि कल्याण यांची नावे आहेत. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमी याने सोपाऱ्याचा उल्लेख केला आणि पुढे दहाव्या शतकातील अरब प्रवासी मसुदी यानेही केला. सिंहली परंपरेचा ‘महावंस’ हा ग्रंथ तर असे सांगतो की, लंकेला पोहोचण्यापूर्वी राजपुत्र विजयाचे जहाज सुप्पारकाला लागले होते. एका गावाचे नाव इतक्या भाषांनी जपावे, यावरूनच त्याच्या धक्क्यावर किती देशांची माणसे उतरत असतील याचा अंदाज यावा.

घाटाची वाट आणि गोवर्धनाचे विणकर

बंदर एकटे जगत नाही. त्याच्या पाठीशी देश लागतो, आणि देश व बंदर यांना जोडणारा घाट लागतो. नाशिकहून कोकणात उतरणारा थळघाट, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो, ही अशीच एक वाट. जुन्नरकडचा माल नाणेघाटाने उतरे. नाणेघाटातील पाण्याचे एक टाके सोपाऱ्याच्या गोविंददासाने दान दिल्याचा लेख तेथे आहे. कान्हेरीला सोपाऱ्याचा व्यापारी सामिक याने पाण्याचे टाके दिले. कार्ले येथील चैत्यगृहातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय शाखेतील सातिमित नावाच्या भाणकाचे, म्हणजे बुद्धवचन मुखोद्गत ठेवणाऱ्या भिक्खूचे, दान आहे. ही दाने लक्षात घेतली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. सोपाऱ्याचा व्यापारी घाट चढताना ज्या पाण्यावर विसावला, तेच पाणी मागून येणाऱ्या अनोळखी वाटसरूसाठी त्याने साठवून ठेवले.

उषवदाताच्या दानांतही हाच विचार दिसतो. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहनुका या नद्यांवर त्याने लोकांना मोफत उतरवून नेणाऱ्या नावा ठेवल्या. आज पुलावरून क्षणात नदी ओलांडणाऱ्यांना या दानाचे मोल चटकन उमगणार नाही. नावाड्याला देण्यासाठी पैसा नसल्यामुळे तीरावर खोळंबून राहिलेल्या माणसाला ते उमगत असे.

दहाव्या लेण्यातील दुसरा लेख आपल्या विद्यार्थ्यांनी गणिताच्या तासाला सोडवावा असा आहे. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंच्या चीवरांसाठी उषवदाताने ३,००० कार्षापणांची कायम ठेव दिली. ती त्याने कोणा सावकाराकडे ठेवली नाही, तर गोवर्धनातील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, शेकडा दरमहा एक या दराने. दुसरीकडे १,००० कार्षापण, शेकडा दरमहा पाऊण या दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीचे व्याज दरमहा २०, वर्षाला २४० कार्षापण. प्रत्येक भिक्खूच्या चीवरासाठी १२ कार्षापण याप्रमाणे वीस भिक्खूंना लागतात बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण त्यांच्या किरकोळ खर्चासाठी.

हिशेब इतका नेमका आहे की, त्यामागचा विश्वासही तितकाच भक्कम असला पाहिजे. राजाचा जावई आपली ठेव हातमागावर बसणाऱ्या माणसांच्या संघाकडे देतो आणि ती कायमची सुरक्षित राहील असे दगडावर लिहितो, ही त्या काळच्या श्रमिक संघटनांची पत होती. गोवर्धनाचा विणकर, घाटातला बैल हाकणारा आणि सोपाऱ्याचा नावाडी हे एकाच साखळीचे दुवे होत. नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतांश नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. बंदरांसाठी आणि घाटांसाठी क्षत्रप व सातवाहन का झुंजले, याचे उत्तर या साखळीत आहे.

सम्राट अशोकाचे दोन लेख

सोपाऱ्याचे सर्वांत मोठे वैभव दोन भग्न दगडांवर आहे. सम्राट अशोकाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आपल्या राज्याच्या सीमेवरील महत्त्वाच्या ठिकाणी चौदा शिलालेखांची मालिका कोरविली. गिरनार, कालसी, धौली ही त्यांतील काही ठिकाणे. महाराष्ट्रात या मालिकेचे अवशेष केवळ सोपारा परिसरातच मिळाले आहेत. आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना भातेला तळ्याजवळ मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात आढळला. ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्याच वर्षी हा दगड उजेडात यावा, हा योगायोग आपल्या समाजाने स्मरणात ठेवण्याजोगा आहे. हे अवशेष मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत.

चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन लेख सोपाऱ्याला अंशतः वाचावेत, हेही अर्थपूर्ण आहे. सोपाऱ्यातील तुकड्यांवर अपुरी वाक्ये आहेत. परंतु तेच लेख इतरत्र पूर्ण स्वरूपात असल्याने त्यांचा आशय निश्चित कळतो.

आठवा लेख प्रवासाविषयी आहे. पूर्वीचे राजे मौजेच्या सहली करीत. शिकार आणि करमणूक हे त्या सहलींचे प्रयोजन असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाली असता अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत काय करावे हेही लेख सांगतो. श्रमण आणि ब्राह्मण यांची भेट घ्यावी व त्यांना दान द्यावे. वृद्धांना भेटून त्यांना साहाय्य करावे. जनपदातील सामान्य लोकांना भेटावे. त्यांना धम्म सांगावा आणि धम्माविषयी त्यांच्याशी विचारविनिमय करावा. यादीत स्थळांपेक्षा माणसे अधिक आहेत, हे सहज ध्यानात येईल.

नववा लेख मंगलविधींविषयी आहे. आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्माच्या वेळी आणि प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ अल्प असते, असे अशोक म्हणतो. खरे मंगल म्हणजे धम्ममंगल. ते कशात आहे? दास आणि सेवक यांच्याशी योग्य वागणूक, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांविषयी औदार्य. समुद्रावर निघण्यापूर्वी देवाला नवस बोलणाऱ्या बंदरातील लोकांसमोर, ओझी वाहणाऱ्या दासांच्या आणि हमालांच्या गर्दीत हा लेख उभा होता. त्याचा अर्थ तेथे कोणाला कसा लागला असेल, याची कल्पना करून पाहावी.

अशोकाच्या पाचव्या लेखात अपरान्ताचा, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशाचा उल्लेख आहे. तिसऱ्या संगीतीनंतर अपरान्तात धम्मप्रसारासाठी योनक धम्मरक्खित हा थेर पाठविण्यात आला, अशी नोंद ‘महावंस’ करतो. ‘योनक’ म्हणजे ग्रीक वंशाचा. परदेशी वंशाचा भिक्खू आपल्या किनाऱ्यावरील लोकांना धम्म सांगण्यास येतो, ही घटना बंदराच्या स्वभावाला साजेशी आहे.

पूर्ण आणि बाहिय

अशोकाच्याही पूर्वी, तथागतांच्या हयातीतच सोपाऱ्याचा धम्माशी संबंध आला असे बौद्ध साहित्य मानते. या कथा आहेत, शिलालेख नव्हेत. तथापि त्या सोपाऱ्याकडे पाहण्याची दृष्टी देतात.

‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथात पूर्णाची कथा आहे. शूर्पारकातील भव नावाचा धनाढ्य व्यापारी आजारी पडला असता पत्नीने आणि मुलांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. घरातील दासीने त्याची शुश्रूषा केली. तिच्या पोटी भवाला जो पुत्र झाला तो पूर्ण. पुढे संपत्तीच्या वाटणीची वेळ आली तेव्हा दासीपुत्र म्हणून पूर्णाची गणना भावांमध्ये न होता मालमत्तेत झाली. थोरला भाऊ भविल याने घर, शेती, दुकान यांवरील हक्क सोडून आपल्या वाट्याला पूर्णाला घेतले. ज्याची किंमत वस्तूसारखी ठरविली गेली, तोच पूर्ण स्वतःच्या बुद्धीने नगरातील अग्रगण्य व्यापारी झाला आणि सहा वेळा समुद्रप्रवास करून सुखरूप परतला.

सातव्या प्रवासात श्रावस्तीचे व्यापारी त्याच्या गलबतावर होते. रात्री आणि पहाटे ते काही गाथा म्हणत. ही कोणती गीते, असे पूर्णाने विचारले. ही गीते नव्हेत, हे बुद्धवचन आहे, असे त्यांनी सांगितले. त्या एका उत्तराने पूर्णाच्या आयुष्याची दिशा बदलली. तो श्रावस्तीला गेला, अनाथपिंडिकाच्या मध्यस्थीने तथागतांना भेटला आणि भिक्खू झाला. पुढे सोपाऱ्यात चंदनाच्या लाकडाचा विहार उभा राहिला आणि तथागत तेथे आले, असे कथा सांगते.

पाली ‘पुण्णोवाद सुत्त’ हाच धागा वेगळ्या रीतीने पुढे नेते. सुनापरान्त प्रदेशातील लोक उग्र आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर काय वाटेल, असे तथागत पुण्णाला विचारतात. त्यांनी हाताने मारले नाही म्हणून ते चांगलेच, असे मी मानीन, असे पुण्ण म्हणतो. मग हात, ढेकळे, काठ्या, शस्त्र अशा चढत्या क्रमाने प्रश्न येतात आणि प्रत्येक वेळी पुण्णाची क्षमा कायम राहते. त्याच वर्षावासात त्याने ५०० उपासक आणि ५०० उपासिका घडविल्या, असे सुत्त सांगते. अपमान पोटात घालून लोकांतच राहणारा हा भिक्खू आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला ठाऊक असावा.

सुप्पारकात राहणारा दुसरा साधक म्हणजे वल्कले नेसणारा बाहिय. लोक त्याला अर्हत म्हणून पूजीत. आपण अर्हत नाही आणि त्या मार्गावरही नाही, हे कळताच मानमरातब सोडून तो थेट श्रावस्तीला चालत गेला. भिक्षेसाठी निघालेल्या तथागतांना त्याने वाटेतच उपदेशाची विनंती केली. जे पाहिले ते केवळ पाहिलेले, जे ऐकले ते केवळ ऐकलेले असावे, त्यात ‘मी’ मिसळू नये, अशा आशयाचा अल्प उपदेश त्याला मिळाला आणि तेवढ्याने त्याचे चित्त मुक्त झाले. ही कथा ‘उदान’ ग्रंथात आहे. लोकांच्या स्तुतीवर विसंबून न राहता सत्य विचारायला निघणे, हा सोपाऱ्याचा दुसरा वारसा म्हणता येईल.

बुरूड राजाचा कोट

शतके लोटली, विहार गेले, भिक्खू गेले. गावाबाहेरच्या एका टेकाडाला लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणू लागले. मूळ नाव विस्मृतीत गेले. टोपल्या विणणाऱ्या कारागिराच्या जातीचे नाव तेवढे ‘राजा’ या पदवीसह उरले.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड उकरले तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. जुनागढला १८३९ साली जन्मलेल्या भगवानलालांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली नव्हती. गिरनारच्या शिलालेखाने त्यांना ब्राह्मीचा छंद लावला आणि मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात त्यांचे संशोधन बहरले. पुढे नेदरलँडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेखांचा अभ्यास करणारेही हेच. नाशिकची भिंत आणि सोपाऱ्याचा स्तूप एकाच माणसाने वाचावा, ही आपल्यासाठी विशेष जिव्हाळ्याची बाब आहे.

स्तूपाच्या मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी करंडक होता. त्यात मधोमध तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती आठ लहान धातुमूर्ती बसविलेल्या होत्या. विपश्यी, शिखी, विश्वभू, क्रकुच्छंद, कनकमुनी, काश्यप आणि शाक्यमुनी हे सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि त्यात सोन्याचा, असे एकात एक करंडे होते. सोबत सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे काही बारीक तुकडे.

हे पात्र तथागतांचेच, अशी ते ठेवणाऱ्यांची श्रद्धा असावी. नाणे दुसऱ्या शतकाकडे निर्देश करते, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. म्हणजे मधल्या काळात केव्हातरी स्तूप उघडून, मूर्ती ठेवून तो पुन्हा श्रद्धेने बंद केला गेला असला पाहिजे. सोन्याहून अमूल्य म्हणून जपलेली वस्तू मातीच्या खापरीची असावी, यात धम्माची सारी शिकवण आली आहे. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

ओसरलेले बंदर

उत्तरकाळातही सोपारा लगेच विझला नाही. शिलाहारांच्या राज्यात ठाण्याबरोबर शूर्पारकाचे नाव घेतले जाई. बाराव्या शतकात शिलाहार राजा अपरादित्य याने काश्मीरच्या विद्वत्सभेला तेजकंठ नावाचा पंडित शूर्पारकाहून पाठविल्याचा उल्लेख मंख कवीच्या काव्यात येतो. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे दफन जॉर्डेनस या युरोपीय धर्मोपदेशकाने सोपाऱ्यात केले. बौद्ध, वैदिक, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सर्वांच्या आठवणी या भूमीत एकावर एक साठल्या आहेत.

परंतु निसर्गाने हळूहळू बंदराचे दार लावून घेतले. नद्यांनी आणलेला गाळ खाडीत साचत गेला, पाणी उथळ झाले, मोठी गलबते आत येईनाशी झाली. व्यापार ठाणे, चौल, वसई अशा ठिकाणी सरकला. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. तोवर सोपारा केळीच्या, पानवेलीच्या आणि भाजीच्या वाड्यांचा गाव झाला होता.

आज चित्र पुन्हा पालटले आहे. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. नालासोपाऱ्यात राज्यातून आणि राज्याबाहेरून पोटासाठी आलेली असंख्य माणसे राहतात आणि पहाटेपासून लोकल गाड्यांत उभी राहतात. समुद्राऐवजी रेल्वेरूळ आले, तरी परमुलखातून आलेल्याला आसरा देण्याचे गावाचे काम थांबलेले नाही.

भेट देणाऱ्यांसाठी

नाशिकरोडहून रेल्वेने दादर आणि तेथून पश्चिम रेल्वेच्या विरार लोकलने नालासोपारा, हा सोपा मार्ग. खासगी बसने जायचे तर कसारा घाट उतरून भिवंडी, अंजूरफाटा, चिंचोटी या वाटेने अहमदाबाद महामार्गावर यावे. हा प्रवास करताना मुलांना घाट दाखवावा. उषवदाताच्या काळातील वाटसरू याच सह्याद्रीतून उतरत होता हे सांगावे. पावसाळा संपल्यावरचे दिवस सर्वांत सोयीचे.

स्थानकाच्या पश्चिमेस सोपारा गावात स्तूप आहे. तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. सांचीसारखी तोरणे किंवा शिल्पे येथे नाहीत. विटांचा अर्धवट गोल आणि भोवतालची मोकळी जागा एवढेच दिसते. म्हणून अभ्यास करून न गेलेला प्रवासी पाच मिनिटांत परततो आणि अभ्यास करून गेलेला तासभर बसतो. चक्रेश्वर तळ्याकाठच्या मंदिरात ब्रह्मदेवाची सुंदर मूर्ती व इतर जुनी शिल्पे आहेत. पश्चिमेकडे निर्मळ हे तीर्थस्थान आहे आणि दक्षिणेस वसईचा किल्ला आहे. दोन दिवसांची सहल असल्यास कान्हेरीची लेणी आणि मुंबईचे वस्तुसंग्रहालय जोडून घ्यावे, म्हणजे अशोकाचा दगड प्रत्यक्ष पाहता येईल. एशियाटिक सोसायटीतील अवशेष पाहावयाचे असल्यास आधी चौकशी करूनच जावे.

स्तूपावर चढू नये, विटांवर नावे लिहू नयेत, मेणबत्त्या व अगरबत्त्या विटांना टेकवून लावू नयेत. वंदना मोकळ्या जागेत बसून घ्यावी आणि परतताना जागा आपण आलो त्याहून स्वच्छ करून निघावे. शहर स्तूपाच्या कुंपणापर्यंत आले आहे. अशा स्थळाचे रक्षण फलकाने आणि कुंपणाने थोडेच होते; ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक आहे अशा माणसांच्या येण्याजाण्याने अधिक होते.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. उषवदाताच्या ठेवीचा हिशेब मांडा. आपल्या शाळेसाठी अशी कायम ठेव ठेवायची झाल्यास ती कोणत्या गरजेसाठी असावी, हे लिहा.
२. त्रिरश्मी, नाणेघाट, कान्हेरी, कार्ले आणि सोपारा ही स्थळे नकाशावर दाखवून त्यांना जोडणाऱ्या वाटा काढा.
३. ब्राह्मी लिपीत ‘सोपारा’ हा शब्द लिहावयास शिका.
४. अशोकाच्या आठव्या लेखातील यात्रेची कर्तव्ये आणि आपल्या मागील सहलीचा कार्यक्रम शेजारी शेजारी लिहून तुलना करा.
५. सोपाऱ्यात राहणाऱ्या एका वृद्ध व्यक्तीला भेटून तिच्या लहानपणीचे गाव कसे होते ते विचारा आणि लिहून आणा.

यांतील शेवटचा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे नोकरीनिमित्त मुंबईच्या उपनगरांत राहतात, त्यांनी या कामी मुलांचे यजमान व्हावे. पालकांनी आपल्या पाल्याबरोबर एकदा तरी सोपाऱ्याला जावे. तेथे वाट दाखविणारा रिक्षाचालक, चहा देणारी बाई, स्तूपाजवळ झाडलोट करणारा कामगार, या सर्वांशी मुले कशी बोलतात याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे. सेवक आणि श्रमिक यांच्याशी नीट वागणे हेच खरे मंगल, असे त्याच गावच्या दगडावर बावीसशे वर्षांपूर्वी कोरले गेले होते. पाठ समजला की नाही, याची परीक्षा तेथेच होईल.